जपानी शिकायला इंग्रजीचा वळसा नको

प्रश्न : नमस्कार. मी हर्णैला राहते, वय २३. दापोलीत एका दुकानात हिशेबाचं काम करते, रोज एसटीने जाऊन-येऊन. मला जपानी शिकायचं आहे. पुढेमागे त्या भाषेवर काम मिळालं तर हवंच आहे, पण आधी भाषा यायला हवी. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी कच्चं. मैत्रीण म्हणते, इंग्रजी नसेल तर जपानी जमणार नाही, कारण सगळी पुस्तकं इंग्रजीतून. चुलत भाऊ म्हणतो, दोन हजार चित्रं पाठ करायची असतात, नाद सोड. फोनवर एक अ‍ॅप घेतलंय, त्यात महिनाभर शब्द केले, पण एक वाक्य बोलता येत नाही. पुण्याला जाऊन क्लास लावू का? जुलैची परीक्षा देऊ का? सुरुवात नक्की कुठून करू? — श्र., हर्णै

उत्तर : श्र., मैत्रिणीचं म्हणणं आधी बाजूला ठेवा, कारण ते उलटं आहे. जपानी वाक्याची बांधणी मराठीच्या इतकी जवळ आहे की चांगलं मराठी येणाऱ्याला इंग्रजीतून जपानी शिकणं म्हणजे हर्णैहून दापोलीला मुंबईमार्गे जाण्यासारखं आहे. कर्ता आधी, कर्म मध्ये, क्रियापद शेवटी. आपण 'घरातून' म्हणताना 'तून' नामाच्या मागे लावतो, तसेच त्यांचे प्रत्ययही मागेच लागतात. प्रश्न करायचा तर वाक्याच्या शेवटी 'का' : आपण 'येता का?' म्हणतो, ते 'किमास का?' म्हणतात. 'नो' म्हणजे चा-ची-चे, आणि त्यात लिंग-वचनाची कटकट नाही. 'मो' म्हणजे 'ही' : वाताशि मो, मीही. 'कारा' म्हणजे पासून, 'मादे' म्हणजे पर्यंत. क्रियापदाला तर लिंगही नाही आणि वचनही नाही. 'इकिमास' या एका शब्दात जातो, जाते, जातात, जाईन, सगळं आलं.

एक उदाहरण नीट बघा, कारण इंग्रजीतून शिकणारे पहिल्याच महिन्यात इथे अडखळतात. 'मला मासे आवडतात' हे जपानीत 'वाताशि वा साकाना गा सुकि देस'. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला मासे हे कर्म वाटतं, म्हणून तो 'गा'च्या जागी कर्माचा 'ओ' लावतो आणि चुकतो. मराठीत 'मासे आवडतात' हे क्रियापद माशांबरोबरच चालतं, म्हणून 'गा' तुम्हाला सहज पटेल. 'मला जपानी समजतं' (निहोंगो गा वाकारिमास) आणि 'मला दोन भावंडं आहेत' (क्योदाइ गा फुतारि इमास) यांचंही तसंच. फक्त 'मला'मधला 'ला' बघून तिथे 'नि' लावू नका. या वाक्यांत 'मला'च्या जागी 'वाताशि वा' येतं.

पुढे, 'मिन्ना नो निहोंगो' या पाठ्यपुस्तकाच्या साधारण पंचविसाव्या धड्यानंतर, मराठीची खरी मदत होते. जपानी क्रियापदाचं 'ते' रूप म्हणजे आपलं 'ऊन' रूप, आणि त्याला जोडून येणारी सहायक क्रियापदंही आपल्यासारखीच. ताबेते मिमास : खाऊन बघते. कात्ते ओकिमास : विकत घेऊन ठेवते. ताबेते शिमाइमाश्ता : खाऊन टाकलं. तोमोदाचि नि काइते मोराइमाश्ता : मैत्रिणीकडून लिहून घेतलं. इंग्रजी टिपांत यातल्या एकेका रचनेला पानभर समजावणी लागते. तुम्ही समासात मराठी प्रतिरूप लिहा आणि पुढे चला. व्याकरणाची वही मराठीतच ठेवा, हा आमचा पहिला आणि सगळ्यात आग्रहाचा सल्ला.

आता मराठीमुळे कुठे घसरायला होतं, तेही सांगायला हवं. मराठीत 'हे' आणि 'ते' अशी दोनच अंतरं. जपानीत तीन : कोरे माझ्याजवळचं, सोरे तुमच्याजवळचं, आरे दोघांपासूनही लांबचं. समोरच्याच्या हातातल्या वस्तूला 'आरे' म्हणणं ही नेहमीची चूक. दुसरं, आपलं 'त' दोन कामं करतं. 'बाजारात मासे आहेत' इथे नुसतं असणं आहे, म्हणून 'नि' : इचिबा नि साकाना गा आरिमास. 'बाजारात मासे घेते' इथे क्रिया घडते, म्हणून 'दे' : इचिबा दे साकाना ओ काइमास. तिसरं, 'आहे'ला त्यांच्याकडे दोन क्रियापदं आहेत, सजीवाला 'इमास' आणि निर्जीवाला 'आरिमास'. समुद्रात पोहणारा बांगडा 'इमास', लिलावात टोपलीत पडलेला 'आरिमास'. बंदरावर उभं राहून हा फरक एकदा डोक्यात बसवलात की पुन्हा चुकणार नाही.

आणि आदरार्थाचं. आपण चारचौघांत स्वतःच्या वडिलांबद्दल 'बाबा म्हणाले' असं आदराने बोलतो. जपानीत बाहेरच्यांशी बोलताना स्वतःच्या माणसांचा आदरार्थ काढून घेतात. माझी आई 'हाहा', तुमची आई 'ओकाआसान'. स्वतःच्या नावापुढे 'सान' कधीही लावायचं नाही. 'तुम्ही' म्हणून 'आनाता' पुस्तकात भेटेल, पण समोरच्याचं नाव माहीत असेल तर नाव आणि सान असंच म्हणा. 'आनाता' पुष्कळदा कानाला उद्धट लागतं.

उच्चारात मराठी माणसाच्या जिभेला एक सोय आहे, तिचा फायदा घ्या. आपल्याकडे च आणि ज दोन-दोन प्रकारचे आहेत. जपानी 'त्सु' हा 'चूल'मधला चु, आणि 'चि' हा 'चिंच'मधला चि. 'झा' हा 'जाळं'मधला जा, 'झु' हा 'जुना'मधला जु, 'जि' हा 'जीव'मधला जी. अनेक परदेशी लोकांना 'त्सु' जमवायला वेळ लागतो, तुम्हाला तो आधीच येतो. अनुस्वारासारखा त्यांचा 'न्' पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो, जसा आपला 'गंगा' आणि 'आंबा'मध्ये बदलतो. 'फु' मात्र आपला फ नाही. खालचा ओठ दातांना लावायचा नाही, दोन्ही ओठांतून नुसती फुंकर. 'देस' आणि 'मास' यांच्या शेवटी लिहिताना 'सु' असतो, पण त्यातला उ जवळजवळ ऐकू येत नाही.

दोन गोष्टींकडे पहिल्या दिवसापासून कान ठेवा. एक, जपानीत आपला 'अ' नाही. त्यांचा पहिला स्वर म्हणजे आखूड 'आ' : तानाका, तनक नव्हे. दोन, स्वराची लांबी. ओबासान म्हणजे मावशी-आत्या, ओबाआसान म्हणजे आजी. बिरु म्हणजे इमारत, बीरु म्हणजे बिअर. कोको म्हणजे इथे, आणि त्यातला प्रत्येक 'को' दुप्पट लांबवला की ती दहावी ते बारावीची शाळा. मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ क्वचितच बदलतो, त्यामुळे आपला कान तिकडे झोपलेला असतो. टाळी वाजवत म्हणा : ओ-बा-सा-न् चार टाळ्या, ओ-बा-आ-सा-न् पाच. कच्चा-पक्कामधल्या द्वित्तालाही एक टाळी द्यायची : कि-ते (ये) दोन, कि-त्-ते (टपाल तिकीट) तीन.

म्हणूनच देवनागरीत जपानी लिहायची सवय लावून घेऊ नका. इथे समजावण्यासाठी आम्ही लिहितो आहोत, पण ए आणि ओ यांची लांबी देवनागरीत दाखवताच येत नाही. रोमन अक्षरांचीही तीच गत, वर इंग्रजी वाचनाची सवय आड येते. तुमच्या अ‍ॅपमध्ये महिनाभर बहुधा हेच झालं. शब्द रोमनमध्ये पाहिले, सुटे सुटे पाठ केले, त्यांना प्रत्यय लावून वाक्य एकदाही केलं नाही. अ‍ॅप काढून टाकायची गरज नाही, पण ते अभ्यासाचा आधार होऊ शकत नाही.

तर सुरुवात हिरागाना या जपानी लिपीपासून. मूळ अक्षरं ४६. त्यांचा क्रम तुम्हाला ओळखीचा वाटेल : आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा योगायोग नाही. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीबरोबर संस्कृतची वर्णव्यवस्था जपानात अभ्यासली, तिच्यावरूनच हा क्रम बसला. शब्दकोशही याच क्रमाने लागतो. रोज पाच अक्षरं घ्या, दहा दिवसांत सगळी पूर्ण होतात. त्यात दोन टिंबांनी आणि छोट्या वर्तुळाने होणारी २५ अक्षरं (का चा गा, हा चा बा आणि पा) आणि क्या-क्यु-क्यो सारखी ३३ जोडाक्षरं मिळवली की दोन आठवडे. मग तेवढ्याच वेळात काताकाना ही दुसरी लिपी, जी परदेशी शब्दांसाठी वापरतात.

लिहायला गणिताची चौकटीची वही घ्या, मोठ्या चौकटींची. एका अक्षराला एक चौकट. रेघांचा क्रम पाळा : वरून खाली, डावीकडून उजवीकडे. क्रम चुकला तरी अक्षर दिसायला बरोबर दिसतं, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण पुढे कांजीत, म्हणजे चुलत भाऊ ज्यांना चित्रं म्हणतो त्या अक्षरांत, रेघा मोजून अक्षर शोधावं लागतं आणि भरभर लिहिलेलं वाचावं लागतं, तेव्हा ते महागात पडतं. एक अक्षर सलग पन्नास वेळा गिरवू नका. पाच वेळा बघून, मग पान झाकून आठवून पाच वेळा. आठवताना जो ताण येतो त्यानेच अक्षर पक्कं होतं. हिरागानात 'नु' आणि 'मे', 'रु' आणि 'रो', 'ने-रे-वा', 'कि-सा-चि' यांची गल्लत सगळ्यांचीच होते. काताकानात 'शि' आणि 'त्सु', 'सो' आणि 'न्'. 'शि' आणि 'न्'मध्ये शेवटची मोठी रेघ खालून वर जाते, 'त्सु' आणि 'सो'मध्ये वरून खाली येते. छापील अक्षरात हे कळत नाही, हाताने लिहिल्यावर कळतं. आणि प्रत्यय म्हणून येताना 'हा' अक्षर 'वा' वाचायचं, 'हे' अक्षर 'ए', हे लक्षात असू द्या.

काताकाना लोक टाळतात आणि मग अडकतात. तुमच्या भागात तिच्यासाठी छान सराव आहे. जपानीत माशांची नावं बऱ्याचदा काताकानात लिहितात. हर्णैच्या लिलावात जे दिसतं त्याची यादी करा : बांगड्याच्या जातीला साबा, कोळंबीला एबि, माकुलाला इका, खेकड्याला कानि, तारलीच्या जातीला इवाशि. रत्नागिरीत जी सुरिमी (माशांचा लगदा) बनते, तिचं नावही जपानीच. रोज पाच नावं लिहिलीत तरी आठवड्यात अक्षरं बसतील.

कांजीबद्दल चुलत भावाचा आकडा तसा खरा आहे. रोजच्या वापरासाठी जपान सरकारने ठरवलेल्या यादीत २,१३६ कांजी आहेत. पण जपानी मुलंसुद्धा त्या शाळेची नऊ वर्षं शिकतात, आणि तुमच्या पहिल्या परीक्षेला साधारण शंभर पुरतात. सुरुवात वारांपासून करा. चंद्र, अग्नी, पाणी, झाड, सोनं, माती, सूर्य : या सात कांजी म्हणजे सोमवार ते रविवार, आणि त्या ज्या ग्रहांवरून आल्या ते आपलेच सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, रवी, त्याच क्रमाने. मग एक ते दहा, शंभर, हजार, दहा हजार. मग डोंगर, नदी, भातशेत. भातशेताची कांजी म्हणजे चौकोनात बांध घातलेले चार कुणगे, एकदा पाहिली की विसरणार नाही. प्रत्येक कांजीचे सगळे उच्चार एकदम पाठ करू नका. कांजी शब्दातच शिका. सुटे उच्चार पाठ करणारे यादी घडाघडा म्हणतात आणि पाटी वाचता येत नाही.

पुस्तक एकच धरा. पुण्याच्या बऱ्याच क्लासांत 'मिन्ना नो निहोंगो' चालतं. त्याचे पहिले २५ धडे म्हणजे साधारण परीक्षेची एन-५ ही पहिली पायरी. मुख्य पुस्तक पूर्ण जपानीत आहे, व्याकरणाच्या टिपांचं पुस्तक वेगळं. त्या टिपा इंग्रजीत असल्या तरी वाक्यं छोटी आहेत, शब्दकोश जवळ ठेवून जमतील. पैसे घालायचे नसतील तर जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' फुकट उतरवून घेता येतं, आवाजासकट. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही दगा देतात, म्हणून सगळे आवाज मे महिन्यातच फोनमध्ये भरून ठेवा. एसटीतला वेळ ऐकण्यासाठी सोन्यासारखा आहे. एकाच धड्याचा संवाद जाताना तीनदा ऐका, येताना त्याच्या मागोमाग तोंडातल्या तोंडात म्हणा.

शब्दांसाठी कार्डं करा, कागदी किंवा अँकी या अ‍ॅपमध्ये (अँड्रॉइडवर फुकट आहे). रोज दहा नवे शब्द, त्याहून जास्त नाही. उत्साहात लोक तीस घेतात. पण जुन्या शब्दांची उजळणी नव्यांच्या सात-दहा पट होते, पंधराव्या दिवशी तीनशे कार्डं समोर येतात आणि सगळंच सुटतं. दहाच्या वेगाने एन-५ला लागणारे आठशेच्या आसपास शब्द तीन महिन्यांत होतात. गौरी-गणपतीत नवे शब्द बंद ठेवा, उजळणी मात्र दहा मिनिटं का होईना, करा.

परीक्षा. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा एन-५ ते एन-१ अशी पाच पायऱ्यांची, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. जुलैचा विचार सोडून द्या. अर्ज काही महिने आधी भरावा लागतो, आणि तुमची तयारीही होणार नाही. एन-५ला साधारण दीडशे तास अभ्यास धरतात. रोज एक तास, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे पंचवीस आठवडे. जूनच्या सुरुवातीला लागलात तर डिसेंबर बरोबर गाठता येतो : चार आठवडे लिप्या, मग पाच-सहा दिवसांना एक धडा, शेवटचे दोन आठवडे नमुना प्रश्नपत्रिका. परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या फुकट आहेत. एकूण गुण १८०, उत्तीर्ण व्हायला ८०. पण वाचन-व्याकरणात १२० पैकी ३८ आणि ऐकण्यात ६० पैकी १९ वेगवेगळे मिळावे लागतात. घरी एकट्याने शिकणारे ऐकण्यातच मार खातात, कारण संवाद एकदाच वाजतो. तिथे नेहमी अडवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत : वेळ (चार वाजता म्हणजे योजि, सात म्हणजे शिचिजि, नऊ म्हणजे कुजि), महिन्याच्या तारखा, किमती. तीनशे साम्ब्याकु, सहाशे रोप्प्याकु, आठशे हाप्प्याकु. लाखाला शब्द नाही, दहा हजारांचं 'मान' हे माप, म्हणून आपला एक लाख म्हणजे दहा मान. दुकानातल्या बिलांचे आकडे मनात जपानीत म्हणत चला, याहून चांगला सराव नाही.

पुण्याला राहायला जाण्याची आत्ता गरज नाही. पुणे विद्यापीठाचं रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ इथे जपानीचे पद्धतशीर अभ्यासक्रम आहेत, एन-४च्या पुढे त्यांचा विचार करा. तोवर आठवड्याला दोन दिवसांचा ऑनलाइन क्लास मिळाला तर घ्या. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा : रोमन अक्षरं किती दिवसांत बंद करता, हाताने लिहिलेलं तपासता का, आणि एका तासात प्रत्येकाला किती वाक्यं बोलायला मिळतात. तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा क्लास बघा. या परीक्षेत बोलणं तपासतच नाहीत, त्यामुळे ते शिकवायचं राहून जातं.

कामाचं म्हणाल तर एन-५वर नोकरी मिळत नाही. जपानच्या 'तोकुतेइ गिनो' (विशिष्ट कौशल्याच्या कामगारांसाठीच्या) व्हिसासाठी एन-४ किंवा जेएफटी-बेसिक ही संगणकावरची परीक्षा (२५० पैकी २०० गुण) आणि त्या कामाची कौशल्य परीक्षा लागते. रुग्णसेवेच्या कामाला भाषेची आणखी एक परीक्षा असते. 'भाषा तिकडे गेल्यावर शिकाल' असं सांगून आधी पैसे किंवा मूळ प्रमाणपत्रं मागणाऱ्या एजंटाला काहीही देऊ नका. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याची नोंदणी आहे का ते आधी बघा.

वही घेतलीत की पहिल्या आठवड्यात आ-पासून नो-पर्यंतची पंचवीस अक्षरं, आणि त्याच अक्षरांत बसणारे शब्द : इए (घर), उए (वर), आसा (सकाळ), इका. शनिवारी पान झाकून पंचवीसही आठवून लिहा. तीनपेक्षा जास्त अडली तर नवी ओळ सोमवारी सुरू करू नका, त्याच पंचवीस अक्षरांना आणखी दोन दिवस द्या.